जिवाणूंची पाकिटं, अर्धकच्चं कंपोस्ट आणि कोलमडणारी रोपं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं तुम्ही ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी), ॲझोटोबॅक्टर (नत्र बांधणारे जिवाणू), स्फुरद विरघळवणारे जिवाणू म्हणजे पीएसबी, आणि मायकोरायझा (मुळांशी भागीदारी करणारी बुरशी), असं सगळं आळीपाळीने पाण्यात कालवून वाफ्यांवर ओतताय. लाकडाचा भुसा, गवत आणि शेण मिसळून केलेलं दोन महिन्यांचं घरचं कंपोस्टही घालताय. तरी टोमॅटो-मिरचीची रोपं ट्रेमध्येच कोलमडतात, आणि यंदा कोबी लावल्यापासून पंधरा दिवसांत पिवळा पडला. मग हे जिवाणू खोटे, की तुमचंच काही चुकतंय?

जिवाणू खोटे नाहीत, निदान सगळे नाहीत. तुमची मेहनतही कमी पडलेली नाही. क्रम मात्र उलटा झालाय: खाणारे आधी आणले, खायला मागून दिलं, आणि दिलं तेही अर्धकच्चं.

आधी पाकिटाचा हिशेब मांडू, कारण तो कुणी मांडत नाही. एक एकर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर साधारण 9 लाख किलो भरतो. बऱ्यापैकी मातीच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू असतात. आता पाकिटावर बघा. 'ग्रॅममागे दहा कोटी' असं काहीतरी छापलेलं असेल. म्हणजे ती भुकटी तुमच्या मातीपेक्षा काही फार दाट नाही. किलोभर पाकीट एकरभर ओतलं तर नऊ लाख गावकऱ्यांमागे एक पाहुणा, असा तो प्रकार. बरं, गावकरी त्याच मातीत, त्याच उपासमारीत मुरलेले. मातीतले बहुतेक जिवाणू बहुतेक काळ उपाशी, झोपल्यासारखे पडलेले असतात, कारण त्यांना पचेल असा कर्ब शिल्लक नसतो. अशा ठिकाणी नवख्याला कोण जेवू घालणार? काही आठवड्यांत त्याची संख्या घसरत घसरत जवळपास दिसेनाशी होते. भर दुपारी कोरड्या वाफ्यावर ओतलं असेल तर काही आठवडेही नकोत, तो दिवस पुरतो.

मग हे काम करतात तरी कुठे? मुळाच्या अगदी अंगाला. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 मध्ये मुळाभोवतीच्या या पातळ पट्ट्याला 'ऱ्हायझोस्फिअर' हे नाव दिलं. झाड पानात बनवलेल्या साखरेचा चांगला मोठा वाटा मुळांवाटे बाहेर सोडतं: साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं, चिकट द्रव. हे झाडाने मांडलेलं ताट आहे, आणि ताटाभोवतीची गर्दी काही मिलिमीटर अंतरावरच्या मातीपेक्षा कितीतरी पट जास्त असते. पाहुण्याला पहिल्या पंगतीत बसवायचं असेल तर तो मूळ फुटण्याआधीच तिथे हजर पाहिजे. म्हणून बीजप्रक्रिया, म्हणून रोपाची मुळं बुडवून लावणं. एकरभर पसरलेलं जे किलोभर पाकीट हरवतं, तेच पाच-दहा किलो बियाण्यावर चोळलं की प्रत्येक बीवर लाखांनी जिवाणू बसतात. त्या इवल्याशा जागेत त्यांचं बहुमत होतं, निदान सुरुवातीला तरी.

शेंगवर्गी पिकांत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. हेलरीगेल यांनी 1886 मध्ये दाखवलं की मुळांवरच्या गाठींमुळे ही पिकं हवेतला नत्र वापरू शकतात. बेयरिंक यांनी 1888 मध्ये त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला. पण त्यात जात जुळावी लागते. सोयाबीनचा रायझोबियम, म्हणजे हाच गाठींतला जिवाणू, हरभऱ्याच्या कामाचा नाही, हरभऱ्याचा वाटाण्याच्या नाही. ज्या जमिनीत सोयाबीन कधीच झालं नाही तिथे योग्य जिवाणूंचं पाकीट बियाण्याला चोळलेली आणि न चोळलेली ओळ लांबूनही ओळखू येते, इतका रंगात फरक पडतो. तेच पीक वर्षानुवर्षं घेतलेल्या जमिनीत बहुधा काहीच फरक दिसत नाही, कारण ते जिवाणू तिथे आधीच ठाण मांडून आहेत. पीक फुलोऱ्याच्या आधी असताना एक झाड मुळांसकट, उपटून नाही, खुरप्याने मातीसह काढा. मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसली तर कारखाना चालू आहे. तो रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या लेगहिमोग्लोबिनचा. पांढरट किंवा हिरवट निघाली तर ती गाठ फुकट जेवतेय, किंवा तिची वेळ संपलीय. आणि तिथे युरिया भरपूर घातला असेल तर गाठी कमीच दिसतील. आयता नत्र मिळतोय म्हटल्यावर झाड भाडेकरू कशाला पोसेल?

आता तुमच्या चार पाकिटांकडे येऊ.

ॲझोटोबॅक्टर मातीत मोकळा राहून नत्र बांधतो, हे खरंच. पण ते फार खर्चिक काम आहे. एक ग्रॅम साखर जाळून तो जेमतेम 10 ते 20 मिलिग्रॅम नत्र बांधतो. म्हणजे 10 किलो नत्रासाठी त्याला अर्धा ते एक टन साखरेइतकं खाद्य पाहिजे. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेल्या मातीत हे खाद्य येणार कुठून? त्याचा जो काही फायदा दिसतो तो बराचसा मुळांची वाढ वाढवणाऱ्या संप्रेरकांमुळे, आणि तोही बीजवाढीच्या सुरुवातीला. 'एवढे किलो युरिया वाचतो' असे पाकिटावरचे दावे मी तरी हिशेबात धरत नाही.

पीएसबी सेंद्रिय आम्लं सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांच्याभोवती स्वच्छ वलय उठतं, फोटोत ते फार छान दिसतं. चुनखडीच्या जमिनीत मात्र ते आम्ल चुनाच गिळून टाकतो. तरीही मुळाच्या अंगाला, चांगल्या कंपोस्टसोबत, थोडाफार उपयोग होतो. यावर याहून जास्त शब्द खर्च करावेत असं मला वाटत नाही.

मायकोरायझाची गोष्ट वेगळी. आल्बर्ट फ्रँक यांनी 1885 मध्ये हे नाव दिलं. ही बुरशी आणि मूळ यांची भागीदारी आहे आणि ती 40 कोटी वर्षांहून जुनी आहे, तितक्या जुन्या जीवाश्मांत ती दिसते. स्फुरद मातीत जवळजवळ सरकतच नाही. मूळ आपल्याभोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा स्फुरद संपवतं आणि मग तिथेच अडकतं. बुरशीचे तंतू मुळाच्या केसापेक्षाही बारीक, ते या रिकाम्या पट्ट्याच्या कितीतरी पलीकडे जाऊन स्फुरद आणि जस्त ओढून आणतात. बदल्यात झाड साखर देतं. पण शेतीतल्या बहुतेक पिकांशी जोडीदारी करणारी ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही. पाण्यात कालवून वाफ्यावर ओतलेले तिचे बीजाणू मुळापर्यंत पोचलेच नाहीत तर ते संपले. आणि तुम्ही ती कोबीला दिलीत! कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा हे सगळं कुळ, तसंच पालक आणि बीट, ही मंडळी ही भागीदारी करतच नाहीत. त्या पिकांवर मायकोरायझा म्हणजे बहिऱ्यापुढे गाणं. मिरची, टोमॅटो, कांदा, मका, फळझाडं यांना मात्र ती आवडते, अट एवढीच की स्फुरदाचं खत डोळे मिटून ओतलेलं नसावं. स्फुरद भरपूर असला की झाड बुरशीला दारात उभं करत नाही. आणि दर हंगामाला खोल नांगरट केली तर तंतूंचं जाळं दर वेळी पहिल्यापासून विणावं लागतं.

चौथं पाकीट ट्रायकोडर्माचं. त्याचा विषय रोपं कोलमडण्याशी जोडलेला आहे, म्हणून तो मागे ठेवतो. आधी कोबी.

कोबी पिवळा पडला तेव्हा खालची, जुनी पानं आधी पिवळी झाली असणार. तसं असेल तर ती नत्राची उपासमार आहे. (वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह किंवा तसलं काही, तो वेगळा विषय.) आणि ही उपासमार तुमच्या कंपोस्टनेच आणली. कशी ते सांगतो. जिवाणूच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असतो. तो जेवढा कर्ब खातो त्यातला दोन-तृतीयांश श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, एक-तृतीयांश शरीरात राहतो. म्हणजे त्याच्या ताटात 24 भाग कर्बामागे 1 भाग नत्र असेल तर त्याचं भागतं. याहून जास्त कर्ब असेल तर उरलेला नत्र तो आजूबाजूच्या मातीतून उचलतो, आणि या ओढाताणीत मूळ हमखास हरतं. लाकडाच्या भुशात हे प्रमाण 400 भागांना 1 च्या आसपास असतं. दहा किलो कोरड्या भुशात पाच किलो कर्ब आणि नत्र जेमतेम 12 ग्रॅम. तो पुरता कुजायला 200 ग्रॅमच्या वर नत्र लागतो. मधला फरक तुमच्या कोबीच्या तोंडचा गेला. भुसा हळू कुजतो, त्यामुळे ही ओढ महिनोन्महिने चालते.

हा धडा मीही असाच शिकलो. सुरुवातीच्या काळात सुतारकामाचा भुसा फुकट मिळाला म्हणून ढिगात निम्मा भुसाच घातला. तीन महिन्यांनी ढीग वरून काळाभोर, सुगंधी, देखणा. रोपवाटिकेच्या मिश्रणात तो घातला आणि दोन आठवड्यांत सगळे ट्रे लिंबाच्या रंगाचे झाले. मुठीत घेऊन नीट पाहिलं असतं तर काळ्या चुऱ्यात पिवळे, धारदार कण चमकताना दिसले असते. मी पाहिलंच नव्हतं.

उभ्या कोबीचं काय करायचं? लगेच मिळणारं नत्राचं खत थोडं, मुळापासून जरा अंतरावर द्या आणि पाणी द्या. रासायनिक चालत नसेल तर पेंडीचं पाणी. गिळलेला नत्र पुढे जिवाणू मेल्यावर परत येतोच, पण कोबी तेवढी वाट बघणार नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कंपोस्ट हे खत म्हणून फार हलकं आहे. एक टन कोरड्या कंपोस्टमध्ये दीड टक्का नत्र धरला तर 15 किलो झाला, आणि पहिल्या वर्षी त्यातला 10 ते 20 टक्केच पिकाला मिळतो, म्हणजे दीड ते तीन किलो. कोबीसारखं हावरं पीक हेक्टरमागे दीडशे-दोनशे किलो नत्र उचलतं. ही भूक फक्त कंपोस्टने भागवायला गेलात तर इतकं घालावं लागेल की काही वर्षांत मातीत स्फुरद आणि क्षार साचून बसतील. कंपोस्ट मातीचं घर बांधतं: ढेकळं भुसभुशीत होतात, पाणी धरून ठेवलं जातं, हवा खेळते, आणि जिवाणूंना सावकाश पुरणारं खाणं मिळतं. पिकाची भूक वेगळी भागवावी लागते, हिरवळीच्या खताने, शेंगवर्गी फेरपालटाने किंवा बाहेरच्या खताने.

आता चांगलं कंपोस्ट. सुरुवातीचं मिश्रण 25 ते 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र असं बसलं पाहिजे. तराजू नको. ताजं गवत, भाजीचा कचरा, शेण हे 'ओलं' खातं. वाळलेला पाला, काड, भुसा हे 'कोरडं'. वाळलेल्या पाल्याचे दोन-तीन घमेली आणि ओल्याचं एक घमेलं, असं आकारमानाने धरलं तर बहुधा जमतं. भुसा मात्र एकूण ढिगाच्या दहाव्या हिश्शापुढे नको, आणि तोही शेणात किंवा कोंबडीखतात कालवून. ओलावा 50 ते 60 टक्के. त्याची कसोटी मुठीत आहे: मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब डोकावला तर बरोबर. धार लागली तर कोरडं मिसळा, मूठ उघडल्यावर गोळा सुटून पडला तर पाणी मारा. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान ढीग स्वतःची ऊब राखू शकत नाही.

नीट बसला तर दोन-तीन दिवसांत ढीग 55 अंशांच्या वर जातो. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा; हाताला धरवली नाही पाहिजे. थर्मामीटर असेल तर उत्तमच. 55 अंशांवर काही दिवस टिकला की बहुतेक रोगजंतू आणि तणांची बीजं मरतात. पण मरतात ती ढिगाच्या पोटातली. कडेचा माल थंडच राहतो, म्हणून चाळवाचाळव. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत उघड्या लांबट ढिगासाठी 15 दिवस 55 अंशांच्या वर आणि त्या काळात निदान 5 वेळा चाळवणं सांगितलंय, ते याचसाठी. तापमान 65 ते 70 च्या पुढे जाऊ लागलं तर लगेच उलथा, नाहीतर ढीग आपल्याच कामकऱ्यांना उकडून मारतो. गांडूळखतात हा तापायचा टप्पाच नसतो, कारण 35 अंशांच्या वर गांडुळं तग धरत नाहीत. त्यामुळे तणाचं बी आणि रोग त्यातून जसेच्या तसे पार होऊ शकतात. आधी ढीग तापवून घ्या आणि मग गांडुळांना द्या.

ताप उतरला की लोक म्हणतात, झालं खत. खरं काम आत्ता सुरू होतं. तापलेल्या ढिगात जगतात ते मोजके उष्णताप्रेमी जिवाणू. मुळांच्या उपयोगाच्या बुरश्या आणि जिवाणू थंड होणाऱ्या ढिगात, कडेकडून, पुन्हा वस्ती करतात. पांढुरक्या राखेसारखे तंतू दिसतात ते ॲक्टिनोबॅक्टेरिया. पहिल्या पावसाचा मातीचा वास त्यांच्याच जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. (क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये याच भावकीतल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं, म्हणजे घराणं मोठं आहे.) हे मुरणं निदान एक-दोन महिने चाललं पाहिजे, लाकूड असेल तर त्याहून बरंच जास्त. तुमचं दोन महिन्यांचं कंपोस्ट नुकतं तापातून उठलेलं होतं.

मुरलं की नाही हे बघायला मी तीन गोष्टी करतो. ढीग उलथून नीट ओला करतो आणि तीन-चार दिवस बघतो: पुन्हा तापला तर कच्चा आहे. एका पिशवीत ओलसर मूठभर माल हवाबंद करून दोन-तीन दिवसांनी तोंड उघडतो: आंबूस, अमोनियाचा किंवा गटाराचा वास आला तर कच्चा, मातीचा आला तर पक्का. आणि कंपोस्ट भिजवून गाळलेल्या पाण्यावर मुळ्याचं किंवा मोहरीचं बी कागदात रुजवतो, शेजारी साध्या पाण्यावर तेवढंच बी. तीन-चार दिवसांनी मोड मोजण्यापेक्षा मुळं बघा. कच्च्या किंवा खारट कंपोस्टवरची मुळं आखूड, तपकिरी टोकांची, केस नसलेली निघतात. चांगल्यावर मुळाभोवती कापसासारखी पांढरी लव असते.

बाहेरून आणलेलं शेणखत किंवा गवत असेल तर आणखी एक चाचणी. काही तणनाशकं, ॲमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड विशेषतः, गवतावर फवारली, ते गवत जनावराने खाल्लं, तरी शेणात आणि पुढे कंपोस्टातही टिकतात. ब्रिटनमध्ये 2008 साली कितीतरी बागायतदारांचे टोमॅटो आणि घेवडे अशा शेणखताने वाकडेतिकडे झाले आणि ॲमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली. नव्या मालात घेवड्याचं किंवा वाटाण्याचं बी कुंडीत पेरा. तीन आठवड्यांत पानं द्रोणासारखी वळली, शेंडा पिळवटला, तर तो माल टोमॅटोच्या जवळ आणू नका.

आता रोपं कोलमडणं, म्हणजे ट्रायकोडर्मा. रोपाच्या खोडाजवळ, मातीच्या रेषेवर नीट बघा. खोड तिथे कोरडं, तपकिरी, दोऱ्याने आवळल्यासारखं दिसत असेल तर बहुधा रायझोक्टोनिया नावाची बुरशी. पाणी सुटल्यासारखं मऊ, मुळांची टोकं कुजलेली, हात लावताच साल सरकून आतली शीर उघडी पडते असं असेल तर पिथियम, हा बुरशीसारखाच एक जीव. दोघांचं औषध वेगळं.

पिथियम हा भामटा आहे, पण कमजोर. ताज्या बीतून सुटणाऱ्या साखरेवर तो धावतो. भोवती इतर सूक्ष्मजीवांची गर्दी असेल तर ती साखर त्याच्या आधी संपते आणि तो हरतो. म्हणून मुरलेलं, जिवंत कंपोस्ट त्याला सहसा पुरेसं असतं. अमेरिकेत ओहायोमध्ये हॅरी हॉइटिंक यांनी झाडांच्या सालीच्या कंपोस्टवर वर्षानुवर्षं काम करून कुंड्यांतल्या मूळकुजीबाबत हे दाखवलं. रायझोक्टोनियाला मात्र नुसती गर्दी पुरत नाही, तिला नेमका शत्रू लागतो, आणि ट्रायकोडर्मा हा तो शत्रू. त्याचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूला वेलीसारखे वेढे घालतात, भिंत पोखरतात आणि आतला माल खातात. वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये हे नोंदवलं.

इथे एक गंमत आहे, आणि तुमचा घोळ बहुतेक इथेच झालाय. कंपोस्ट कच्चं असेल, त्यात न कुजलेला सेल्युलोज भरपूर असेल, तर ट्रायकोडर्मा शिकार करतच नाही. आयतं जेवण समोर असताना तो दुसऱ्याच्या भिंती कशाला पोखरेल? आणि रायझोक्टोनियालाही तेच सेल्युलोज आवडतं, ती त्यावर फोफावते. म्हणजे कच्चं कंपोस्ट अधिक ट्रायकोडर्मा हे मिश्रण कधी कधी काहीच न घालण्यापेक्षा वाईट ठरतं. कंपोस्ट अति जुनं, पार माती झालेलं असेल तरी दोष उरतोच, तिथे उपयोगी सूक्ष्मजीवांनाच खायला नसतं. मधली अवस्था धरायची.

म्हणून ट्रायकोडर्मा वाफ्यावर ओतू नका. 100 किलो मुरलेल्या, थंड झालेल्या कंपोस्टमध्ये किलोभर मिसळा, मुठीच्या कसोटीइतका ओलावा ठेवा, सावलीत ढीग करून ओल्या गोणपाटाने झाका आणि तीन-चार दिवसांनी एकदा हलवा. दहा-पंधरा दिवसांत आधी पांढरी जाळी आणि मग हिरवट झाक दिसली की तो रुजला. (शेजारी अळिंबीची खोली असेल तर हे दूर करा, ट्रायकोडर्माची एक जात तिथे मोठं नुकसान करते.) मग हे कंपोस्ट रोपांच्या मिश्रणात आकारमानाने पाचवा हिस्सा, फार तर चौथा घाला. त्याहून जास्त घातलं तर क्षारांमुळे कोवळी मुळं भाजतात आणि दोष पुन्हा रोगावर जातो. बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) आणि ट्रायकोडर्मा एकाच आठवड्यात करू नका, निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. आणि कोलमडलेलं रोप ट्रायकोडर्माने उठत नाही, तो पहारेकरी आहे, वैद्य नव्हे.

एवढं करूनही ट्रे सतत चिंब ठेवलेत, जुने ट्रे न धुता वापरलेत, बी दाट पेरलंत, तर रोपं कोलमडतीलच. माझ्या अनुभवात कोलमडण्याच्या निम्म्या तक्रारी पाण्याची झारी धरणाऱ्याचा हात आवरला की सुटतात. सकाळी पाणी, आणि वरची माती सुकू लागल्याशिवाय पुन्हा नाही.

कंपोस्टचं पाणी, म्हणजे 'कंपोस्ट टी', याबद्दलही तुम्ही विचारलंय. हवा सोडून आंबवलेल्या त्या पाण्याचे निकाल एका ढिगाला एक आणि दुसऱ्याला दुसरेच येतात. त्यात गूळ किंवा मळी घालून जिवाणू वाढवताना नको ते, अगदी पोट बिघडवणारे जंतूही वाढू शकतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर तर ते मुळीच फवारू नका. तेवढा वेळ ढीग चाळवण्यात घालवा.

काही वेळा पाकीट न उघडताच माती सुधारते, हेही ध्यानात असू द्या. गव्हाच्या मुळांवरचा 'टेक-ऑल' रोग सलग गहू घेतला की आधी वाढतो आणि चार-सहा वर्षांनी आपोआप ओसरतो, कारण रोगट मुळांवर स्यूडोमोनास जिवाणूंची फौज तयार होते आणि तेच त्या बुरशीला मारणारं द्रव्य बनवतात. ती फौज कुणी ओतलेली नसते. जमीन उघडी न ठेवणं, आच्छादन, फेरपालट आणि कमी नांगरट यांनी अशा स्थानिक फौजा टिकतात.

या हंगामात पाहायचं असेल तर सगळीकडे सगळं देणं थांबवा. मिरचीच्या सहा सारख्या ओळी धरा. तीन ओळींत ट्रायकोडर्माचं कंपोस्ट, तीन ओळींत तेवढंच साधं कंपोस्ट, आणि त्या एक सोडून एक लावा. एका बाजूला सगळ्या चांगल्या ओळी आल्या तर तो जमिनीचा उतार असू शकतो. खुणेची काठी रोवा आणि कोणती कोणती ते वहीत लिहा. डोक्यात ठेवलं तर मन हवं ते बघतं. महिन्याने दोन्हीकडची तीन-तीन रोपं खुरप्याने काढून मुळं झटका. निरोगी मुळाला माती बाहीसारखी चिकटून राहते, सहज गळून पडत नाही.

उरलेल्या पाकिटांचं काय करायचं ते आता सांगतो. ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी पुढच्या पेरणीला बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. ट्रायकोडर्मा थंड ढिगात. मायकोरायझाचं पाकीट मात्र ढिगात टाकू नका, मुळाशिवाय ते तिथे संपून जाईल. कोबीच्या वाट्यालाही ते देऊ नका. मिरचीची रोपं लावाल तेव्हा खड्ड्याच्या तळाशी चमचाभर टाका आणि रोप असं बसवा की मुळं त्या भुकटीला टेकतील, मध्ये मातीचा थर राहणार नाही. मुदत मात्र आधी बघा, पाकीट उन्हात पडलेलं असेल तर मुदतीच्या तारखेलाही अर्थ नाही.